गच्चीवरचं माझं काम

आमच्या एम.ए.च्या वर्गात एक नियम होता. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही, शेजारी बसलेल्याने वाचायचं. सर्जनशील लेखनाचा पेपर शिकवणाऱ्या मॅडमनी तो पहिल्याच तासाला सांगितला. "स्वतःचं वाचताना माणूस आवाजाने सारवासारव करतो," त्या म्हणाल्या. "कागदात जे नाही ते घशातून घालतो. मला कागदात काय आहे ते ऐकायचंय."

मला हा नियम फार आवडला. चारचौघांत उभं राहून स्वतःचं वाचायची वेळ आली असती तर मी तो पेपरच सोडला असता. शेजारी कोण बसणार याचा मात्र मी विचार केला नव्हता.

शेजारी ती बसली. तीर्थपुरीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, जालन्यात मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तासाला उशिरा आली, वर्गभर नजर फिरवली आणि बाकावरची माझी बॅग उचलून माझ्याच मांडीवर ठेवली.

"सरक गं जरा. तू कॉन्व्हेंटची ना? बसण्यावरूनच कळून राह्यलं."

मी सरकले. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव कॉन्व्हेंट पडलं.

ते खोटं नव्हतं. माझं शिक्षण पहिलीपासून बी.ए.पर्यंत इंग्रजीत झालं. घरी आम्ही हिंदी आणि मारवाडी यांची खिचडी बोलतो. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून आमचं जालन्यात भांड्यांचं दुकान आहे, आणि पप्पांची गिऱ्हाइकांशी बोलायची मराठी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. मी मराठीत एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी कारण विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की इंग्रजीत मी सफाईने लिहायचे आणि लिहून झाल्यावर ते कुणी लिहिलंय हे मलाच ओळखू यायचं नाही. मराठीत तरी मी सापडेन असं वाटलं होतं.

पहिल्यांदा मी तलावाकाठच्या संध्याकाळवर लिहिलं. त्यात सोनेरी किरणं होती, मंद वारा होता, परतणारे पक्षी होते. ती उठून उभी राहिली आणि वाचू लागली. तिच्या तोंडी ते पक्षी असे काही परतू लागले की दुसऱ्याच परिच्छेदाला मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ती मुद्दाम करत नव्हती. सरळ वाचत होती, गावाकडच्या हेलात, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलत. 'मंद समीर' तिच्या आवाजात आला आणि सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, मग ओठ मिटून म्हणाल्या, "भाषा शुद्ध आहे."

तुपाबद्दल बोलावं तसं. आणि कागद मला परत दिला.

कागद परत मिळणं म्हणजे काय ते वर्गाला लवकरच कळलं. मॅडमना जे आवडायचं ते त्या परत देत नसत. "हे राहू दे माझ्याकडे," म्हणत आणि घडी करून पर्समध्ये ठेवत. दर हिवाळ्यात विभागाचा अंक निघायचा, त्यात हेच कागद जायचे. मला त्या वर्षी दुसरं काहीच नको होतं. माझा एक कागद त्या पर्समध्ये जावा, आणि अंकात कुठेतरी माझं नाव मराठीत छापलेलं असावं.

तिचा पहिलाच कागद गेला. तो मीच वाचला होता. खताच्या कंपनीच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पेन चालत नव्हतं तिथे दोनदा गिरवून, तिने एसटीत जागा धरायला रुमालाऐवजी चप्पल टाकणाऱ्या आपल्या आत्याबद्दल लिहिलं होतं. बस एवढंच. मी ते शाळेतल्या बातम्यांसारखं वाचलं तरी वर्ग हसला, आणि शेवटी आत्या अनवाणी उतरते तिथे गप्प झाला. माझ्या आवाजाने त्याचं काहीच बिघडलं नाही.

तेव्हापासून मी तिच्यावर जळू लागले. मराठीत जळणं हा शब्द बरोबर आहे, छातीच्या खाली खरोखर काहीतरी तापतं. तिचं लिहिणं तर होतंच, पण बाकीचंही होतं. माझ्या डब्यातलं ती न विचारता खायची आणि वर म्हणायची, "कांदा न्हाई, लसूण न्हाई, तरी चव कुठून येऊन राह्यली?" मॅडमना ती 'ओ मॅडम' अशी हाक मारायची आणि मॅडमना ते चालायचं. तिचा कागद सुरू झाला की मॅडम हनुवटीखाली तळहात घ्यायच्या. माझ्या वेळी त्यांचे दोन्ही हात टेबलावर असायचे. हे मी रोज पाहायचे.

मग मी तिच्यासारखं लिहायचा प्रयत्न केला. कापूस वेचणाऱ्या एका बाईचं बोलणं लिहिलं, सगळं 'न्हाई' आणि 'मंग' आणि 'करून राह्यले' घालून. कापूस मी वडीगोद्रीकडे जाताना गाडीच्या काचेतून पाहिला होता. तिने वाचायला घेतलं, थोडं वाचलं आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

"ही बाई कोणाच्या गावची गं?"

वर्ग हसला. "न्हाई, म्हंजे गोड बोलून राह्यली बिचारी," ती घाईने म्हणाली, "पन कापूस वेचता वेचता एवढं बोलायला सवड कुठं घावती?" मॅडमनी कागद परत देताना हळूच सांगितलं, "ही हिची भाषा आहे. तुझी आण." मी मान हलवली. माझी कोणती, हे विचारायचं धाडस झालं नाही.

भाद्रपदात चाचणी परीक्षा आली. वसतिगृहात सगळ्या मोबाइल पाहून राहिल्यात, अभ्यास होत नाही, असं म्हणत ती एका दुपारी थेट माझ्याबरोबर आमच्या घरी निघाली. चातुर्मास चालू होता. आमच्या घरी दादी बारा महिने सूर्यास्ताच्या आत जेवते आणि त्यानंतर पाणीही घेत नाही. चातुर्मासात सगळं घर तिच्याबरोबर हे पाळतं. पप्पा दुकान नोकरांवर टाकून स्कूटरवरून घरी येतात, जेवतात आणि परत जातात.

या सगळ्यात एक काम लहानपणापासून माझं आहे. गच्चीवर जाऊन सूर्य आहे का पाहायचं आणि खाली ओरडून सांगायचं. जैन स्थानकातून, साध्वी उतरतात तिथून, सूर्यास्ताच्या वेळांचं छापील कार्ड मिळतं, मोबाइलवरही वेळ दिसते, पण दादीचा दोन्हींवर विश्वास नाही. "मोबाइल को क्या दिखता है," ती म्हणते. आमच्या गच्चीच्या मधोमध लोखंडी जाळी आहे, तिच्यातून खाली जेवणाची जागा दिसते. दादी खालून विचारणार, "दिन है क्या?" आणि मी वरून "है" किंवा "गया" सांगणार. मी नेहमी थोडं आधीच "गया" म्हणायचे. व्रत दुसऱ्याचं होतं, चूक माझ्याकडून व्हायला नको होती. शाळेत असताना मला या कामाची लाज वाटायची. मैत्रिणींच्या वाढदिवसाला केक कापायच्या वेळी माझं जेवण कधीच झालेलं असायचं आणि मी हातात रिकामी प्लेट धरून उभी असायचे.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी जेवले होते, माझ्यामागून मम्मी. आता मम्मी फुलके करत होती, पापडाची भाजी झाली होती, मी कणकेत हात घालून बसले होते. पप्पांचा पत्ता नव्हता, कुणाच्या तरी लग्नाची भांडी निघाली होती. दादीने घास घेता घेता वर पाहिलं.

"कोई छत पर जाओ रे."

मी हात धुवायला उठले, तेवढ्यात वही बाजूला ठेवून ती म्हणाली, "तू बस, मी पाहते," आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. जाळीतून तिचा आवाज आला.

"हाय! हाय अजून दिवस! बसा निवांत!"

दादी तोंडावर पदर घेऊन हसली. माझ्या "है"ला ती कधी हसली नव्हती. मग पप्पा आले, हात धुऊन एका पायात चप्पल तशीच ठेवून बसले. "है क्या?" त्यांनी वर पाहून विचारलं.

"हाय काका! जल्दी नका करू, ढगाच्या मागं बोटभर हाय!"

पप्पा जेवले. दादीने शेवटचं पाणी घेतलं आणि पेला पालथा ठेवला. मग वरून आवाज आला, "गेला बरं का!" आणि ती खाली आली. मम्मीने तिला वाढलं. तिला कसलंच बंधन नव्हतं, ती सावकाश जेवली, दोनदा भाजी मागून घेतली. दादी तिच्यासमोर बसून राहिली. "खाती कितना अच्छा है," मम्मीला म्हणाली. ती गेल्यावरही घरात तिच्याच आवाजाची नक्कल चालू होती. पप्पा दुकानात परत जाताना दारातून ओरडले, "बोटभर हाय!" मम्मी हसून हसून थकली. मी भांडी आवरली.

पुढच्या तासाला मी तिचा कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं, "त्या घरात सूर्याला विचारून जेवतात."

मला वाटतं मी तिथेच थांबायला हवं होतं, पण वर्ग ऐकत होता. मी वाचत गेले. आमची जाळी होती, पालथा पेला होता, पप्पांच्या एका पायातली चप्पल होती, पदराआड हसणारी दादी होती. मीही होते. "त्या घरात एक पोरगी हाय. सगळ्यांच्या आधी जेवते आन भिंतीला टेकून उभी राह्यते, जशी काही तिला तिच्या घरी जायचंय." हे वाक्य मी माझ्या तोंडाने, खणखणीत आवाजात, वीसेक जणांसमोर वाचलं.

आणि मग ती ओळ आली. "दिवस तवाच गेल्ता. खाली काकांच्या ताटात अख्खा फुलका होता. मी म्हनलं, हाय."

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. दादी सूर्यास्तानंतर जेवली होती, पाणीही नंतरच प्यायली होती, आणि या मुलीने ते जाळीतून पाहत पाहत होऊ दिलं होतं. ओळ माझ्या बोटाखाली होती. ती गाळून पुढे जाता आलं असतं, तिच्याशिवाय कुणाला कळलं नसतं. मी गाळली नाही. दादीचा विचार मनात नंतर आला. आधी आला तो हा, की इतकी वर्षं त्या गच्चीवर मी उभी राहिले आणि मला ही ओळ मिळाली नाही. ती एकदाच चढली.

मी ओळ वाचली. मॅडमची हनुवटी तळहातावर होती.

"हे राहू दे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "आज वाचलंही छान तू."

तास सुटल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. भांडायचं मला येत नाही. मी एवढंच म्हणाले, "विचारायचं तरी."

"काय विचारायचं? तुझं नाव घातलं का मी कुठं?"

"घर माझं आहे."

"मंग? तू लिहून राह्यली होती का घरावर?"

तिला उत्तर माहीत होतं, मी दर वेळी काय लिहिते ते तीच तर वाचायची.

"आणि ते खरं आहे का?" मी विचारलं. "सूर्य गेला होता?"

ती कठड्याच्या रंगाचा पोपडा नखाने काढू लागली. "काका उपाशी उठले असते गं. दिवसभराचे. मला काय माहीत, मला वाटलं दोन मिनिटानं काय व्हतंय." मग माझ्याकडे पाहिलं. "दादीला लई लागंल का?"

"तिचं व्रत आहे."

"मी मॅडमला सांगून ती ओळ काढते. आजच. तू म्हण फक्त."

तिने ते मनापासून म्हटलं होतं. मी हो म्हटलं असतं तर तिने खरंच काढली असती. आणि त्या लेखात मग काय उरलं असतं? एका जैन घरातली संध्याकाळ, छान निरीक्षण, शुद्ध भाषा. मॅडमनी कदाचित कागद परतही दिला असता. हे सगळं माझ्या डोक्यात त्या जिन्यात उभ्या उभ्या येऊन गेलं, अगदी स्पष्ट.

"नको काढू," मी म्हणाले.

"का?"

"बिघडेल ते."

"तू लई भारी वाचक हायेस, कॉन्व्हेंट," ती म्हणाली. तिला ते कौतुक वाटत होतं. मी घरी येईपर्यंत ते वाक्य मला टोचत राहिलं. वाचक.

अंक छापून आला की घरी येणारच होता, म्हणून दादीला आधी सांगणं भाग होतं. ती दुपारी माळ घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, ओळही तिला समजेल अशी हिंदीत सांगितली. खरं सांगायचं तर ती चिडेल अशी मला आशा होती. या मुलीला परत घरात आणू नकोस, एवढं तरी ती म्हणेल असं वाटलं होतं.

दादीने माळेचा मणी बोटात तसाच धरून ठेवला. "जानकर तो नहीं किया अपन ने," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्थानकात जाऊन तिने साध्वीजींना सांगितलं आणि प्रायश्चित्त म्हणून एकासणं घेतलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. पप्पांनीही घेतलं. दुकानात चहा न पिता राहिल्यामुळे संध्याकाळी त्यांचं डोकं दुखत होतं, आणि तरीही ते "बोटभर हाय" म्हणून हसत होते.

"और उसको कुछ मत बोलना," दादीने मला बजावलं. "उस बेचारी ने सूरज थोड़े ही देखा. थाली देखी."

मी माझ्या खोलीत गेले. दादीने असं काही माझ्याबद्दल म्हटल्याचं आठवून पाहिलं. आठवलं नाही.

अंकासाठी कागद द्यायला मॅडमचा अजून एक तास बाकी होता. मी ती संध्याकाळ माझ्या बाजूने लिहिली. कणकेतले हात, दादीचं हसणं, नंतर मी आवरलेली भांडी. या वेळी एकही अवघड शब्द घातला नाही, कुणाची भाषा घेतली नाही. लिहिताना पहिल्यांदाच वाटलं की हे मी लिहितेय. तिने ते वाचलं, आणि सांभाळून वाचलं, हेल आवरून, मला जपत असल्यासारखं. मध्ये एकदा तिने खाली माझ्याकडे पाहिलं. वर्गात कुणी हसलं नाही.

मॅडमनी कागद हातात घेतला. घडी घालायला सुरुवात केली. मग थांबल्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं. पण हे वाचलंय मी."

आणि परत दिला.

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. एका अंकात एकाच गच्चीवर दोघी जणी कशा चढणार? पण ती गच्ची कुणाची होती, हे त्यांना माहीत होतं. कोण आधी पोहोचलं, एवढंच त्यांनी पाहिलं. लिहिणाऱ्यांच्या जगात तेवढंच पाहतात, हे मला वर्षभरात दुसरं कुणी शिकवलं नव्हतं.

अंक हिवाळ्यात निघाला. रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, दादीने तो वाचून दाखवायला सांगितलं. पप्पा, मम्मी, दादी, तिघं जाळीखाली बसले, वरून ऊन पडलं होतं. तिचा लेख मी दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला, या वेळी ज्यांच्यावर लिहिलाय त्यांच्यासमोर. ते हसले, बरोबर तिने ठेवलेल्या जागी हसले. भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या मुलीपाशी मम्मीने चटकन माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या ओळीपाशी दादीने हात जोडले, मग पप्पांच्या पाठीवर चापट मारली. "तेरे फुलके के मारे."

"लिखती अच्छा है," पप्पा म्हणाले. त्यांनी अंक हातात घेतला, मागून पुढून पाहिला.

"तेरा कौनसा है?" दादीने मला विचारलं.

"मेरा नहीं है इसमें."

दादीला वाटलं मी लाजतेय. तिने पप्पांच्या हातून अंक घेतला आणि पानं उलटू लागली. मराठी ती हळूहळू वाचते. प्रत्येक लेखाखालचं नाव ती बोट ठेवून लावत होती आणि माझं नाही असं पाहून पुढे जात होती. मला ते पाहवेना.

"नहीं है, दादी. सच में."

"अरे, पर ये अपने ही घर का है ना," पप्पा म्हणाले. त्यांना माझी समजूत घालायची होती, हे मला कळत होतं. "छत अपनी, दादी अपनी, फुलका मेरा. मतलब तेरा ही हुआ."

मम्मीने मान हलवली. किती सोपं होतं हो म्हणणं. तिघांनाही ते हवं होतं, मलाही.

"नहीं, पप्पा," मी म्हणाले. "उसीका है."

मोठ्याने म्हटल्यावर हलकं वाटेल असा माझा समज होता. तसं काही झालं नाही. छातीखाली जे तापत होतं ते तापतच राहिलं. दादीने अंक मिटून बाजूला ठेवला, आणि मम्मीने विचारलं की ती परत कधी येणार आहे, या वेळी गट्ट्याची भाजी करू. मी म्हणाले, विचारते.